मेकॅनिकलसाठी कॉलेज कसं निवडावं? नाव बघू की प्लेसमेंट?

तुम्ही नाव आणि प्लेसमेंट विचारलंत, वर्कशॉपचं काहीच नाही. मी मेकॅनिकलचाच, मशीन डिझाइनमध्ये काम करतो. माझं मत: आधी वर्कशॉप आणि लॅब बघा, तेही सत्र चालू असताना. सुट्टीत सगळीच यंत्रं पुसून ठेवलेली असतात.

लेथखाली (धातू कातायचं यंत्र) लोखंडाचा कीस पडलाय का? कूलंटचा, म्हणजे कातताना थंडाव्यासाठी सोडतात त्या द्रवाचा, वास येतोय का? मग मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये जाऊन विचारा, युटीएमवर (धातूचा नमुना ताणून तोडायचं यंत्र) नमुना मुलं स्वतः तोडतात का. माइल्ड स्टीलची सळी ताणली की यील्ड पॉइंटला, म्हणजे सळी कायमची ताणली जायला लागते तिथे, भार जरासा घसरतो, पुन्हा चढतो, मग सळी एका जागी बारीक होत जाते आणि धाडकन तुटते. एका तुकड्याला वाटीसारखा खड्डा, दुसऱ्याला कापलेला शंकू. कास्ट आयर्न मात्र असली काही सूचना न देता मोडतं. हे हाताने केलेल्याला डिझाइनच्या पेपरात डक्टाइल (ताणले जाणारे) आणि ब्रिटल (ठिसूळ) पदार्थांना वेगळे निकष का लावतात, ते घोकावं लागत नाही. बऱ्याच ठिकाणी असिस्टंट प्रयोग दाखवतो आणि अख्खी बॅच सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवते. खरं काय ते कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाची मुलं सांगतील, प्रवेश कक्षातले लोक नाही.

बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांनी गाडी बनवायच्या स्पर्धांची टीम असेल तर त्यांची गाडी जरूर बघा. चासी (गाडीचा सांगाडा) मुलांनीच वेल्ड केलीय की बाहेरून करून आणलीय, एवढंच विचारा.

प्लेसमेंटमध्ये सरासरी पॅकेजला फार अर्थ नाही. एक मोठी ऑफर आली की आकडा फुगतो. मीडियन मागा, म्हणजे सगळी पॅकेजेस क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. शिवाय कोअर, म्हणजे मेकॅनिकलचंच काम असलेल्या, कंपन्यांत किती गेले आणि आयटीत किती, हे वेगवेगळं विचारा. टक्केवारी अख्ख्या वर्गाची की फक्त नोंदणी केलेल्यांची, तेही.

एनबीए (तांत्रिक अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता कॉलेजला नसते, शाखेला असते, आणि ठरावीक मुदतीची. म्हणून मेकॅनिकलची मान्यता चालू आहे का ते तपासा. भारत 2014 पासून वॉशिंग्टन कराराचा (सदस्य देशांनी एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानायचा करार) पूर्ण सदस्य आहे, त्यामुळे बाहेरदेशी जायचं असेल तर याचा उपयोग होतो, पण मान्यता एनबीएच्या टियर-1 गटातली (स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठांसाठीची) असेल तरच.

नावाचा फायदा पहिली नोकरी मिळवताना होतो, नाही असं नाही. पण दोन कॉलेजं साधारण सारखीच वाटत असतील तर कारखान्यांच्या जवळचं घ्या, इंटर्नशिपसाठी सुट्टीची वाट बघावी लागत नाही.