पेठ सुटली, आता पोराला संघ कसा द्यायचा?

पत्र असं आहे: "वय ४१. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलो. वडिलांपासून घरात पेठेचाच फुटबॉल संघ. सहा वर्षांपूर्वी फुलेवाडीत फ्लॅट घेतला, आई-वडील अजून पेठेतच आहेत. मुलगा ९ वर्षांचा, चौथीत. फुटबॉलचं वेड आहे, पण इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीचं. त्यांच्या हालांडचे गोल तोंडपाठ, आमच्या संघाचा गोलकीपर कोण ते माहीत नाही. जानेवारीत शाहू स्टेडियमवर नेलं, तेही खुन्नसच्या मॅचला. हाफटाइमच्या आधीच 'पप्पा, घरी चला' सुरू झालं. रात्री जेवताना त्यानं एका शिवीचा अर्थ विचारला. तेव्हापासून बायको म्हणते, पोराला परत तिकडं न्यायचं नाही. त्यात ती मंगळवार पेठेची. तिच्या भावानं त्यांच्या संघाची जर्सी आणून दिली आणि पोरगं ती घालून झोपतं. वडील ७२ वर्षांचे आहेत, म्हणतात आपल्या घरात असलं कधी झालं नाही. माझं चुकतंय कुठं?"

दादा, तुम्ही संघाचं नाव लिहिलं होतंत, ते मुद्दाम गाळलं आहे. ओळखणारे ओळखतीलच.

मँचेस्टर सिटीला आधी यातून मोकळं करा, तिचा इथं काही संबंध नाही. तुम्ही स्वतः हा संघ कधी निवडलात? निवडलाच नाही. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, जुना बुधवार, संध्यामठ ही सगळी नावं तालमींची, पेठांची, मंडळांची. ज्या मंडळाच्या गणपतीपुढं नाचलात, ज्याचं पावतीपुस्तक घेऊन वर्गणीला दारोदार फिरलात, त्याच मंडळाची पोरं स्टेडियमवर उतरायची. त्यातला एखादा शेजारच्या वाड्यातला, एखादा शाळेत दोन वर्गं पुढं. संघ आवडावा म्हणून वेगळं काही करावंच लागलं नाही. तुमच्या पोराला यातलं काहीच मिळालेलं नाही. त्याच्या लेखी मैदानावरची ती बावीस अनोळखी माणसं आहेत, आणि हालांड मात्र रोज मोबाइलवर घरी येतो. फ्लॅटच्या नादात पेठ सुटली, आणि आता तुम्ही पेठेशिवाय नुसता संघ त्याच्या हातात द्यायला बघताय. तो टिकणार नाही.

म्हणून क्रम उलटा करा. आधी पेठ, मग खेळाडू, मग संघ, आणि स्टेडियम सगळ्यात शेवटी. निदान दोन महिने मॅचचं नावसुद्धा काढू नका.

आजोबांचं घर पेठेत आहे, हे तुमचं मोठं भांडवल आहे. शनिवारी रात्री पोराला तिथं मुक्कामाला ठेवा आणि रविवारी सकाळी चेंडू देऊन गांधी मैदानावर सोडा. तुम्ही कडेला उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत. लांब बसा, पेपर वाचा. तिथल्या पोरांशी त्याची स्वतःची ओळख आणि स्वतःची भांडणं झाली पाहिजेत. गणपतीत त्याला मिरवणुकीत नुसतं खांद्यावर बसवून फिरवू नका, काम द्या. आरतीचं तबक धरणं, प्रसाद वाटणं, पावत्यांची पानं मोजणं, काहीही चालेल. ज्याला काम असतं तो तिथला होतो. बाकीचे पाहुणे असतात, आणि पोरांना हे फार लवकर कळतं.

चेंडूबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं बरेच वडील घोळ करतात. ९ वर्षांच्या पोराला मोठ्यांचा ५ नंबरचा चेंडू देऊ नका. त्याचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं. त्याला लाथ मारायला पोरं पायाच्या बोटांचा वापर करतात, आणि पुढं ती सवय मोडत नाही. ४ नंबरचा घ्या, वजन ३५० ते ३९० ग्रॅम, घेर ६३.५ ते ६६ सेंटिमीटर. हवा जरा कमीच, ९ पीएसआयच्या आसपास. पंपाला दाबमापक नसेल तर अंगठ्यानं दाबून बघा, किंचित आत गेला पाहिजे. हवा भरताना सुईला आधी पाणी किंवा ग्लिसरीनचा थेंब लावा. कोरडी सुई रेटली की आतला व्हॉल्व्ह फाटतो, आणि मग "नवीन चेंडू होता हो" म्हणत सगळे दुकानदाराशी भांडतात. बूट घेताना लांब स्टडचे, म्हणजे तळाला लांब गुट्ट्या असलेले, घेऊ नका. आपल्याकडची माती उन्हाळ्यात दगडासारखी होते, लांब स्टड तिच्यात रुतत नाहीत आणि सगळा भार टाचेवर येतो. या वयात टाचेचं हाड वाढत असतं, त्यामुळं टाच दुखते, आणि घरचे समजतात पोरगं खेळायचा कंटाळा करतंय. बारीक रबरी गुट्ट्यांचे टर्फ शूज घ्या. अंगठ्याच्या पुढं साधारण एक सेंटिमीटर जागा असू द्या. "पुढच्या वर्षीही होतील" या हिशोबानं दोन नंबर मोठे घेतले की पाय आत घसरतो आणि फोड येतात. मोज्याच्या आत शिनगार्ड, म्हणजे नडगीवरचे पॅड, घालायचेच, सरावालाही.

जर्सी मात्र इतक्यात घेऊ नका. मागितल्याशिवाय दिलेली जर्सी गणवेश होते. मागेल तेव्हा शिवून, छापून घ्या. छातीच्या मापापेक्षा आठ-दहा सेंटिमीटर सैल ठेवा आणि पाठीवर त्याला हवा तो नंबर टाका, तुमचा किंवा आजोबांचा नको.

दुसरी पायरी खेळाडूंची. सरावाच्या वेळी एक-दोन खेळाडूंशी गाठ घालून द्या. त्यात एक गोलकीपर असू द्या, कारण मैदानावर तो लगेच ओळखू येतो आणि पोरांची नजर त्याच्यावर टिकते. आजची पोरं संघाच्या मागं जात नाहीत, खेळाडूच्या मागं जातात. मेस्सी २०२१ मध्ये बार्सिलोना सोडून पॅरिसला आणि २०२३ मध्ये मायामीला गेला, तसे त्याचे किती छोटे भक्त जर्सी बदलत गेले ते आठवा. यात निष्ठा कमी आहे असं समजायचं कारण नाही, या वयात माणूस कळतो, संस्था नंतर कळते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, हेही त्याला सांगा. गांधी मैदान आणि टीव्ही यांच्यामध्ये रस्ता आहे एवढं त्याला दिसलं तरी पुष्कळ.

ऑफसाइड घरीच शिकवा, गॅलरीत नाही. टेबलावर चिंचोके आणि शेंगदाणे मांडा, चिंचोके आपले, शेंगदाणे त्यांचे. एक शेंगदाणा गोलात, तो कीपर. पास सुटतो त्या क्षणी आपला चिंचोका चेंडूच्या पुढं असेल आणि शेवटून दुसऱ्या शेंगदाण्याच्याही पलीकडं असेल, तर ऑफसाइड. बरोबरीत असेल तर नाही. आपल्या अर्ध्या भागात असेल तर नाही. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोलकिकवरून थेट चेंडू आला तर नाही. वीस मिनिटांत येतं. पोरगं नंतर गॅलरीतल्या मोठ्या माणसांच्या चुका काढू लागेल, त्याची तयारी ठेवा.

आता स्टेडियम. जानेवारीत जे झालं त्यात पोराची काही चूक नव्हती. खुन्नसची मॅच, गच्च गॅलरी, कानाशी हलगी, भोवती उभी राहिलेली माणसं आणि मधे सव्वाचार फुटांचं पोर. त्याला दिसलं काय असेल? पाठी. तर पुढच्या वेळी कोल्हापूरच्या लीगमधला साधा सामना निवडा, शेजारच्या दोन पेठांचा नको, आणि फायनल तर मुळीच नको. पहिल्या खेपेला फक्त पहिला हाफ बघा. हाफटाइमला त्यानं "अजून थांबू या" म्हटलं तरी उठा, म्हटलं तर नक्कीच उठा. त्या वेळी गेटवर गर्दी नसते, कुणी हरलेलं नसतं. दुसऱ्या खेपेला हाफटाइमला पोचा आणि दुसरा हाफ बघा. तिसऱ्यांदा पूर्ण मॅच. शेवटची शिट्टी झाल्यावर सगळ्यांबरोबर गेटकडं धावू नका. वीस मिनिटं जागेवरच बसा. दगडफेक, ढकलाढकली जी काही व्हायची ती बहुतेक गेटवर आणि बाहेरच्या रस्त्यावर होते. नाही तर सात-आठ मिनिटं आधी निघा.

बसायचं कुठं? आपल्या संघाच्या घोळक्याच्या मध्यभागी अजिबात नाही. कडेला, वाटेलगत, थोडं वरच्या पायरीवर, म्हणजे पुढची माणसं उभी राहिली तरी दिसतं. दुपारच्या सामन्याला सूर्य पाठीमागं येईल अशी बाजू धरा. सिमेंटच्या पायऱ्या तापलेल्या असतात, खाली घालायला जाड बसकर न्या. टोपी हवी. पाणी घरून निघताना पाजा, बाटली गेटवर अडवली तर पोरासमोर वाद घालू नका. हलगी आणि फटाक्यांचा त्रास होत असेल तर मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एक वही आणि पेन्सिल द्या: तारीख, समोरचा संघ, गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला, कॉर्नर किती. ज्याला हालांडचे आकडे पाठ आहेत त्याला हे काम आवडणारच, आणि पाच-सहा सामन्यांनंतर ती वही त्याची मालमत्ता होते. मग तो स्वतःच विचारेल, पुढची मॅच कधी.

शिवीचा प्रश्न वहिनींचा आहे आणि तो खरा आहे. "गॅलरीत चालतंच" हे उत्तर देऊ नका. पोराला सांगा, ही शिवी आहे, समोरच्याच्या आईबहिणीवरून त्याला दुखवायला देतात, आपण देत नाही. एवढं पुरे. पण मग तुमच्या तोंडूनही ती येता कामा नये, रेफ्रीनं पेनल्टी नाकारली तरी. जमणार नसेल तर पोराला नेऊच नका. आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण सांगायला हवी. आपल्या संघांतून परदेशी खेळाडू, विशेषतः आफ्रिकेतले, खेळतात. त्यांच्या रंगावरून गॅलरीत जे ओरडलं जातं ते पोरं शिवीपेक्षा पटकन उचलतात, कारण त्यावर लोक हसतात. तिथं हसू नका, आणि का हसला नाहीत ते घरी येऊन सांगा.

वहिनींना नुसतं समजावत बसण्यापेक्षा बरोबर घेऊन जा. मंगळवार पेठेत वाढलेली बाई आहे, कदाचित तुमच्यापेक्षा जास्त फुटबॉल तिला कळत असेल. विचारलंय का कधी?

सिटीचं काय करायचं? तिच्या मॅचला पोराशेजारी बसा. इंग्लंडमधली शनिवारी दुपारी तीनची मॅच आपल्याकडं ऑक्टोबर अखेरीपासून मार्च अखेरीपर्यंत रात्री साडेआठला आणि इतर वेळी साडेसातला लागते, जेवणाच्या वेळेला बसते. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची मॅच हिवाळ्यात बहुतेक रात्री दीडला, ती सकाळी हायलाइट्समध्ये. मॅच चालू असताना त्याला शिकवू द्या, तुम्ही विचारा: हा कोण, तो कुठं खेळतो, याला का काढला? तुम्ही त्याच्या संघाची नावं पाठ केलीत तर तुमच्या संघाची नावं पाठ करायला सांगायचा हक्क तुम्हाला मिळतो. आणि यात विसंगत काही नाही. वर्ल्ड कप आला की पेठेत मेस्सी-रोनाल्डोचे कटआउट लागतात, ब्राझील-अर्जेंटिनावरून एका घरात दोन तट पडतात. म्हणून तालमीचा संघ कुणी सोडला आहे का?

आजोबांना सांगा, पोराला टोमणे मारू नका, गोष्टी सांगा. कोण कसा हेडर मारायचा, कुठली मॅच पावसात झाली, कोण अनवाणी खेळायचा. फक्त समोरच्या पेठेची निंदा त्यात नको. पेठेपेठेतली जुनी भांडणं वारशात द्यायची नसतात. ज्या भांडणांपायी इथं सामने थांबले, स्पर्धा अर्ध्यावर बंद पडल्या, ती तुमच्या पिढीपर्यंत आली तेवढी पुरेत.

मामाच्या जर्सीचा राग धरू नका. मामानं तीच गोष्ट केली जी तुम्ही करायला हवी होती: पोराला काहीतरी त्याचं स्वतःचं दिलं. ती जर्सी लपवलीत किंवा धुवायच्या निमित्तानं गायब केलीत तर संघ कायमचा मामाचा होईल. आणि अजून एक शक्यता तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्ही फुलेवाडीत राहता, फुलेवाडीचा संघही त्याच लीगमध्ये खेळतो. उद्या शाळेतल्या पोरांबरोबर त्यानं तोच धरला तर? तर तुम्ही लहानपणी जे केलंत तेच त्यानं केलं असं समजा. राहतो त्या गल्लीचा संघ धरला. त्या दिवशी तुमचं तोंड उतरलेलं त्याला दिसू देऊ नका, शेजारी बसून मॅच बघा.

तुमच्या आणि मामाच्या संघाची मॅच असेल तेव्हा मात्र पुढची दोन वर्षं पोराला स्टेडियमवर नेऊ नका. आजोबांकडं ठेवा, आणि संध्याकाळी मामाला जेवायला बोलवा. जो हरेल त्यानं मटण आणायचं.