चिनी कवितेत भांड्यांना एवढे मानाचे स्थान का आहे?

चिनी कवींनी चिनी मातीच्या भांड्यांवर कविता का लिहिल्या आणि त्यांचे सांस्कृतिक महत्त्व काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या प्रश्नाचा विचार थांग राजवटीच्या काळातील, नवव्या शतकातल्या लू ग्वेइमंग या कवीपासून सुरू करावा. ‘मी-स’ म्हणजे ‘गूढ रंगा’ची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, युए भट्ट्यांतील हिरवट भांड्यांविषयी तो लिहितो की, शरदातल्या वाऱ्यादवाच्या दिवसांत भट्टी उघडते आणि ही भांडी हजार शिखरांची हिरवाई हिरावून घेऊन बाहेर येतात.

पुढे युए भट्ट्या मागे पडल्या आणि हा गूढ रंग नेमका कोणता, यावर अभ्यासकांत शतकानुशतके मतभेद राहिले. अखेर १९८७ साली शान्शी प्रांतातील फामन मंदिराचे तळघर सापडले. ते ८७४ साली बंद करण्यात आले होते आणि आतील शिलालेखात ठेवलेल्या वस्तूंची यादी कोरलेली होती. त्या यादीत ‘मी-स’ भांडी नावानिशी नोंदलेली असल्यामुळे शेजारची भांडी तीच, हे निश्चित झाले. त्यांतील काहींची झिलई इतकी नितळ आहे की रिकाम्या भांड्यात पाणी असल्याचा भास होतो. वस्तूची ओळख हरवलेली असताना तिची आठवण एवढा काळ चार ओळींनी जिवंत ठेवली, हे मला या परंपरेतील सर्वांत मोलाचे वाटते.

या रसिकतेमागे चहाही होता. आठव्या शतकात लू यू याने चहावरील आपल्या ग्रंथात उत्तरेकडील शिंग भट्ट्यांच्या पांढऱ्या भांड्यांना चांदीची आणि युएच्या भांड्यांना जेड या मौल्यवान हिरव्या दगडाची उपमा दिली आणि युएला वरचे स्थान दिले, कारण त्यांत चहा हिरवा दिसतो. त्याच शतकात यादवीमुळे छंग्दू शहरात येऊन गवताने शाकारलेल्या घरात राहणाऱ्या दू फू या कवीने वेई नावाच्या गृहस्थाकडे जवळच्या दायी गावचे वाडगे मागितले, तेही कवितेतून: हलके पण टणक, टिचकी मारताच जेडसारखा करुण नाद देणारे आणि हिमाहून शुभ्र.

अठराव्या शतकातील छ्येन्लुंग सम्राटाने तर स्वतःच्या कविता सुंग राजवटीच्या काळातील जुन्या (दहाव्या ते तेराव्या शतकातील) भांड्यांवरच कोरून घेतल्या. त्यामागे प्रेम होते, हे मान्य; तरीही अशा नितळ झिलईवर अक्षरे कोरणे मला पटत नाही.

छांग्शा भट्टीवरील थांगकालीन अनामिक कारागिरांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी सुरयांवर झिलईखाली कुंचल्याने कविता लिहिल्या. त्यांतील एकीचा आशय असा आहे: तुझा जन्म झाला तेव्हा मी नव्हते, मी जन्मले तेव्हा तू म्हातारा झाला होतास, मी उशिरा आले याची तुला खंत, तू लवकर आलास याची मला. कांगशी सम्राटाच्या आज्ञेने तयार झालेल्या थांग कवितांच्या बृहत्संग्रहात ही कविता नाही. ती केवळ मातीच्या सुरईवर टिकून राहिली.