मुलांना घेऊन ग्रँड आयलंडला जाताना

प्रसादराव, गोव्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटावर मुलांसोबत स्नॉर्केलिंगला (मास्क आणि श्वासनळी लावून पाण्याखालचं बघत पोहायला) जाण्यासाठी डिसेंबर-जानेवारी निवडलात ते उत्तम केलंत. पावसाळ्यात नद्यांचा गाळ समुद्रात उतरतो, तेव्हा पाण्याखाली काही दिसत नाही. हिवाळ्यातही अंदमानसारखं नितळ पाणी मिळेल अशी आशा मुलांना दाखवू नका. सकाळची पहिली बोट घ्या, दुपारी वारा वाढतो आणि लाटाही.

मास्कची मात्र हयगय नको. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवायचा आणि नाकाने हलकेच श्वास ओढायचा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तरच माप बरोबर. मोठ्यांचा मास्क मुलांना घालू नका, पाणी आत शिरलं की पोर घाबरतं आणि मग दिवसभर पाण्यात उतरत नाही. निघण्याआधी स्विमिंग पूलमध्ये तोंडाने श्वास घ्यायचा सराव करून घ्या. लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यांनीही घालायचं, यात तडजोड नाही.

प्रवाळावर पाय ठेवू देऊ नका. तो जिवंत असतो, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षितही. वाटेत डॉल्फिन दिसले तर नावाड्याला पाठलाग न करता इंजिन बंद ठेवायला सांगा, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

संध्याकाळी उत्साह उरला, तर पणजीजवळच्या रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जा. तिथल्या सलीम अली पक्षी अभयारण्यात खारफुटीतले खंड्या, बगळे आणि चिखलात उड्या मारणारे निवटे मासे मुलांना हमखास आवडतील. ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा, निवटे तेव्हाच दिसतात. दुर्बीण विसरू नका.