साडेतीन वर्षांच्या मुलाला सोबत घेऊन नाश्त्याला अक्रोड-काजूचे स्कोन (बेकिंग पावडरने फुगणारे छोटे, जाडसर पाव) करते, पण दरवेळी कडक होतात. काय चुकत असेल? मुलगा पिठात हात घालतो म्हणून बिघडत असेल का?

मुलगा पिठात हात घालतो म्हणून बिघडत असेल, असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही, त्याला ओट्यापासून लांब करू नका. चूक बहुतेक मळण्यात आहे आणि ती सवय आपल्या हाताची. रोज कणीक तिंबायची सवय, त्यामुळे पीठ ओलं झालं की मळल्याशिवाय राहवत नाही. पोळीला ते हवंच, मळून ग्लुटेन, म्हणजे पिठातलं चिवट जाळं, तयार होतं म्हणून तर ती न फाटता लाटली जाते. स्कोन मात्र त्यानेच चिवट होतो. माझ्या पहिल्या तीन खेपा अशाच गेल्या. गोळा गुळगुळीत, दिसायला सुरेख, आणि भाजल्यावर तोडता तुटेना.

माझी मुलगी आता पाच वर्षांची आहे. दीड वर्ष आम्ही बहुतेक रविवारी हे करतो. आठ स्कोनना २५० ग्रॅम मैदा, ३ सपाट छोटे चमचे बेकिंग पावडर, २ मोठे चमचे साखर, ६० ग्रॅम लोणी, अक्रोड-काजू मिळून ६० ग्रॅम आणि साधारण १२५ मिली थंडगार दूध लागतं. पिवळं अमूल बटर घेतलंत तर वरून मीठ घालू नका, त्यात असतंच. अर्धा मैदा, अर्धी कणीकही चालते; मग दोन-तीन चमचे दूध जास्त लागतं.

शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो. इथेही मोहनच घालायचंय, पण फ्रीजमधून काढलेलं. लोण्याचे बारके कण न वितळता पिठात राहिले, की ओव्हनमध्ये त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि तिथे पदर सुटतात. आधीच वितळलं तर सगळं पिठात मुरून जातं. एप्रिल-मेमध्ये मी लोणी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून किसणीने किसते.

हे मोहन चोळायचं काम मुलाकडे द्या. मी मुलीला सांगितलं, "रांगोळी टाकतो तशी चिमूट धर आणि वरून सोड." तेवढं तिला पुरलं. अंगठा आणि दोन बोटं, त्यांत पीठ आणि लोण्याचा कण, एकदा चोळायचा आणि परातीत सोडायचा. तळव्यापेक्षा बोटांची टोकं गार असतात, म्हणून लोणी टिकतं. दहा मिनिटं ती एक शब्द न बोलता हे करत असते, नाकाला पीठ लागलेलं असतं, आणि मला तिच्याकडे बघतच राहावंसं वाटतं. जाडसर रव्यासारखं दिसायला लागलं, मधेमधे मुगाच्या डाळीएवढे कण राहिले, की थांबायचं.

हे सगळं मी शनिवारी रात्रीच उरकते आणि डबा फ्रीजमध्ये ठेवते. सकाळी भुकेल्या मुलाकडून धीराची अपेक्षा करणं मला बरोबर वाटत नाही. अशाने रविवारी अर्ध्या तासात ताटात स्कोन येतो.

मेव्याचं मात्र नीट ऐका. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे काजू-बदाम किंवा मोठे तुकडे देऊ नयेत, घशात अडकतात. खलबत्त्यात दाण्याच्या कुटासारखं बारीक कुटा. कुटायला मुलालाच बसवा, फक्त बत्ता हलका हवा. अक्रोड आधी मंद आचेवर भाजून फडक्यात चोळले तर कडवट सालं बरीच निघतात. मुलाने आजवर एखादा मेवा खाल्लाच नसेल तर तो पहिल्यांदा असा मिसळून देऊ नका. वेगळा, अगदी थोडा देऊन बघा. आणि कच्चं पीठ चाटू देऊ नका. कच्च्या मैद्यातही पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

सकाळी आधी ओव्हन २०० अंशांवर तापत लावा. पिठात कूट मिसळा, दूध घाला आणि इथून पुढे परात तुमच्याकडे घ्या. सुरीच्या पात्याने ढवळायचं, पीठ जेमतेम गोळा झालं की बस. चिरा दिसतात, कडा खडबडीत आहेत, असू देत. आता पुन्हा मुलाला बोलवा. त्याच्या तळव्याने थापून इंचभर जाड चकती करायची, लाटणं नको. छोटी वाटी पिठात बुडवून सरळ खाली दाबायची आणि सरळ उचलायची. वाटी फिरवली की कडा चिकटतात आणि स्कोन एका बाजूला कलतो. वरून दुधाचं बोट फिरवा आणि १४-१५ मिनिटं भाजा. उरलेले तुकडे मळू नका, नुसते एकमेकांना चिकटवा. आमच्याकडे तो वेडावाकडा स्कोन ठरलेला तिचा असतो.

ओव्हन नसेल तरी अडत नाही. स्कॉटलंडमध्ये स्कोन पूर्वी तव्यावरच भाजत. अर्ध्या इंचाची चकती करून त्रिकोण कापा, जाड बुडाच्या तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजू सहा-सहा मिनिटं भाजा. ओव्हनइतके फुगत नाहीत, पण खरपूस होतात.

गरम असताना हातानेच उकलून वर लोणी लावा. संध्याकाळपर्यंत ते कोरडे पडतात, म्हणून आम्ही तिघं असलो की चारच भाजते. बाकीचे कच्चेच फ्रीझरमध्ये ठेवते आणि शाळेच्या दिवशी तसेच ओव्हनमध्ये टाकते. तीन-चार मिनिटं जास्त लागतात, एवढंच.