जीपीएस असूनही जहाज वाळूत कसं रुततं?

ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, जीपीएस, रडार, ऑटोपायलट सगळं असताना जहाज वाळूत रुततं ते माणसाच्या चुकीमुळे की यंत्राच्या, असं तुम्ही विचारलंय. अशी वाटणी करायला गेलं की खरं कारण हातातून निसटतं. ‘रॉयल मॅजेस्टी’चंच घ्या.

हे प्रवासी जहाज ९ जून १९९५ रोजी दुपारी बर्म्युडाहून बॉस्टनला निघालं. तासाभरात जीपीएसच्या अँटेनाची केबल सुटली. रिसीव्हर बंद पडला असता तर बरं झालं असतं. पण उपग्रह मिळेनात म्हणून तो डेड रेकनिंगवर गेला, म्हणजे शेवटचं ठिकाण, दिशा आणि वेग यांवरून हिशेब करून आकडे देत राहिला. वारा आणि प्रवाह जहाजाला बाजूला रेटतात, ते या हिशेबात येत नाही. इशारा काय? सेकंदभराची पिप्, आणि पडद्यावर बारीक अक्षरांत ‘डीआर’, म्हणजे डेड रेकनिंग. ऑटोपायलट जीपीएसचे आकडे स्वतःच्या अंदाजाशी ताडून बघायचा, पण आता दोन्हीकडे तोच अंदाज. मग फरक दिसणार कसा?

३४ तासांत जहाज ठरलेल्या मार्गापासून १७ मैल पश्चिमेला सरकलं, म्हणजे ताशी जेमतेम अर्धा मैल. वॉचवरचे (पहाऱ्याच्या पाळीवरचे) ऑफिसर दर तासाला जीपीएसच्या आकड्यांवरून नकाशावर ठिकाण मांडत होते आणि प्रत्येक ठिपका रेषेवर बसत होता. लोरान-सी हे दुसरं, स्वतंत्र यंत्र खरं ठिकाण दाखवत होतं, त्याच्याशी कुणी ताडलं नाही. रडारवर अपेक्षित वेळी एक बोया (मार्ग दाखवणारा तरंगता खुणेचा पिंप) दिसला. तो भलताच होता, पण हवा तिथे दिसला म्हणून आपलाच धरला. पुढचा बोया तर दिसलाच नाही, तरी कॅप्टनला ‘दिसला’ असं सांगितलं गेलं, कारण जीपीएस बरोबर म्हणत होतं! पाण्याची खोली मोजणाऱ्या इको साउंडरचा अलार्म शून्य मीटरवर लावलेला. तो वाजणार तरी कधी? दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाच्या सुमारास अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळच्या वाळूवर जहाज चढलं. दीड हजार माणसं होती, सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

माझ्या मते चूक एकच आहे: जे तपासायचं, त्याच्याच आधारे तपासणं. बाहेरच्या खुणेशी ताडा. किनारा दिसत असेल तर रडारवर एखाद्या टोकाचं अंतर आणि बेअरिंग (दिशेचा कोन) घेऊन ठिकाण मांडा. बोया वाऱ्या-लाटांत जागचा हलू शकतो, त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. खोलीचा आकडा नकाशावरच्या खोलीशी जुळवा. ते करताना भरती-ओहोटी धरा, आणि साउंडर खोली जहाजाच्या तळाखालून दाखवतोय की पाण्याच्या पातळीपासून ते आधी बघा. वॉच बदलताना रिसीव्हर कुठल्या मोडवर आहे, हे मोठ्याने वाचा.

इलेक्ट्रॉनिक नकाशे आले म्हणून हे संपलं नाही. २०१३ मध्ये डोव्हरच्या सामुद्रधुनीत ‘ओव्हिट’ या टँकरचा मार्गच वार्न बँक या उथळ वाळूच्या पट्ट्यावरून आखला होता आणि अलार्मचा आवाज बंद होता. जहाज समुद्रतळाला टेकलंय हे वॉचवरच्या ऑफिसरला कळायला १९ मिनिटं लागली.