ईटॅब्समध्ये (इमारतींचं स्ट्रक्चरल अॅनालिसिस करणारं सॉफ्टवेअर) एक्स आणि वाय या दोन आडव्या दिशांचा रिस्पॉन्स स्पेक्ट्रम (भूकंपात इमारतीचा कमाल प्रतिसाद किती, ते काढायचा आलेख) एकाच लोड केसमध्ये टाकायचा का वेगवेगळा?

वेगवेगळाच टाका. कारण बेस शिअरचं (इमारतीच्या तळाशी येणारं भूकंपाचं एकूण आडवं बल) स्केलिंग दोन्ही दिशांना वेगळं येतं, एकाच केसमध्ये घातलंत तर कुठली दिशा किती वाढवली तेच कळत नाही. मग आयएस १८९३:२०१६ या भूकंपरोधक डिझाइनच्या भारतीय कोडप्रमाणे कॉम्बिनेशनमध्ये एका दिशेचे १०० टक्के आणि दुसरीचे ३० टक्के घ्या, नंतर उलटं करून परत, किंवा सरळ एसआरएसएस (दोन्ही दिशांच्या आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ), दोन्ही चालतं.

एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा, स्पेक्ट्रमचे सगळे आकडे पॉझिटिव्हच येतात, खरी चिन्हं मोड (इमारतीच्या कंपनाचे वेगवेगळे आकार) एकत्र करतानाच जातात, त्यामुळे कोपऱ्यातल्या कॉलमला अॅक्सियल (उभं बल) आणि दोन्ही दिशांचे मोमेंट (वाकवणारा परिणाम) प्लस-मायनस धरूनच तपासायचे, तिथे ढिलाई नको. आणि मोडल मास (घेतलेल्या मोडमध्ये इमारतीचं एकूण किती वस्तुमान मोजलं गेलं ते) ९० टक्के झालंय ना, ते आधी बघा.