इंग्रजीतला ‘क्विक’ आणि आपला ‘जीव’ खरंच एका मुळाचे आहेत का?

हो, एकाच मुळाचे. ‘ज’ कुठे, ‘क्व’ कुठे, मग नातं कशावरून मानायचं, असं तुम्ही विचारलंय. व्युत्पत्तीत आवाज सारखे असण्याला फारसं मोल नसतं. फरक दर वेळी त्याच नियमाने पडतोय का, ते बघतात.

संस्कृत, लॅटिन, इंग्रजी या सगळ्यांची पूर्वज असलेल्या मूळ इंडो-युरोपीय भाषेत ओठ गोल करून उच्चारलेला ‘ग्व’ होता. संस्कृतात ‘इ’सारख्या स्वरापुढे त्याचा ‘ज’ झाला. जर्मानिक शाखेत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच यांच्या घराण्यात, ‘ग’चा ‘क’ झाला (जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेला नियम), म्हणून तिथे ‘क्व’. एवढी एकच जोडी असती तर मीही योगायोग म्हटलं असतं. पण वेदातला ‘जनि’, म्हणजे स्त्री, आणि इंग्रजी ‘क्वीन’ बघा. पुन्हा ज आणि क्व!

असं मागे जात गेलं की प्राचीन जर्मानिक विशेषण मिळतं: *क्विक्वाझ, ‘जिवंत’. आधीची चांदणी सांगते की हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, पुढच्या भाषांवरून उभा केलाय. शेवटचा ‘आझ’ म्हणजे ‘जीवः’मधल्या विसर्गाचाच भाऊ.

मधला दुसरा ‘क’ मात्र चक्रावून टाकतो. ‘जीव’मध्ये तिथे नुसता ‘व’, लॅटिन ‘वीवुस’मध्येही तसंच. गॉथिक या लोप पावलेल्या जर्मानिक भाषेतल्या, चौथ्या शतकातल्या बायबलमध्येसुद्धा शब्दाचं अंग (प्रत्यय लागण्याआधीचं रूप) ‘क्विव’ आहे, म्हणजे जर्मानिकच्या घरातच दोन रूपं. मूळ भाषेत ‘व’च्या आधी एक कंठ्य ध्वनी होता; इतरत्र तो लोप पावला, पण इथे ‘व’ला चिकटून ‘क्व’ झाला, हा भाषाशास्त्रज्ञ वॉरन कौगिल यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम. मला तो पटतो, पण उदाहरणं थोडी असल्याने सगळे अभ्यासक तो मानत नाहीत.

जुन्या इंग्रजीत ‘क्विक’ म्हणजे जिवंतच. १६११ च्या बायबलातही ‘क्विक अँड डेड’ म्हणजे जिवंत आणि मेलेले. जिवंत ते चपळ, चपळ ते जलद, असा अर्थ सरकला. जर्मनमध्ये त्याचा ‘केक’ झाला, म्हणजे धीट, आगाऊ. डच लोक पाऱ्याला ‘क्विक’ म्हणतात, कारण तो धावणारी, जिवंत चांदी.

नखाखालच्या कोवळ्या मांसाला इंग्रजीत आजही ‘क्विक’च म्हणतात. लहानपणी माझी नखं काढताना आजी बजावायची, “हलू नकोस, जिव्हाळीला लागेल.” त्या जिव्हाळीतही हाच जीव आहे.